ट्रॉम्बे आणि जगाची नजर : भाभा अणुसंशोधन केंद्राची वाटचाल

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्याला गावाची जन्मकथा आपण हमखास ऐकवतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. रशियन अभियंते आले, माळरानावर पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे इथले रूळ देशभर गेले. त्या रुळांवरून मालगाडी जाते की रणगाडे, याची चौकशी मॉस्कोने कधी केली नाही.

त्याच वर्षांत मुंबईच्या पूर्व टोकाला, ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी, आणखी एक संस्था परदेशी मदतीचा हात धरून उभी राहत होती. तिला मात्र पहिल्या दिवसापासून हिशेब विचारला गेला. इंधन किती आले, कुठे गेले, वापरून झाल्यावर त्याचे काय केले? या प्रश्नांना ट्रॉम्बेने वेळोवेळी जी उत्तरे दिली आणि जी द्यायची नाकारली, त्यांतून या संस्थेचा स्वभाव घडला. अप्सरा ही पहिली अणुभट्टी सुरू झाली त्याला २०२६ साली सत्तर वर्षे होतात. त्या निमित्ताने ही वाटचाल या स्मरणिकेत नोंदवत आहोत.

पायाभरणी

१२ मार्च १९४४ रोजी डॉ. होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. देशात मूलभूत संशोधनाची शाळा आताच घातली, तर अणुशक्ती वापरण्याजोगी होईल तेव्हा तज्ज्ञांसाठी बाहेर बघावे लागणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता. ट्रस्टने होकार दिला. १९४५ साली बंगळूरला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली.

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग नेमला गेला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ३ जानेवारी १९५४ रोजी आयोगाने ट्रॉम्बे येथे स्वतंत्र अणुऊर्जा आस्थापना काढण्याचे ठरवले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली निघाला आणि त्याचे मुख्यालय दिल्लीऐवजी मुंबईत ठेवले गेले. दिल्लीच्या फायलींपासून शास्त्रज्ञ जितके लांब तितके बरे, हा भाभांचा आग्रह पंडित नेहरूंनी मान्य केला होता. जागेची निवडही विचारपूर्वक झाली. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पलीकडे घारापुरीचे बेट. टेकडीमुळे शहराच्या बाजूने आडोसा मिळाला आणि अणुभट्ट्या थंड ठेवायला समुद्राचे पाणी हाताशी आले.

१९५७ साली आस्थापनेने प्रशिक्षणशाळा काढली. विज्ञान आणि अभियांत्रिकीचे ताजे पदवीधर निवडायचे, वर्षभर शिकवायचे आणि मग कामावर घ्यायचे, अशी ती पद्धत. भौतिकशास्त्रवाल्याला यंत्राची ओळख व्हावी आणि यंत्रवाल्याला न्यूट्रॉनची, हा हेतू. ट्रॉम्बेची खरी भांडवली गुंतवणूक हीच होती, असे पुढच्या घटना पाहता म्हणावे लागते.

अप्सरा

अप्सरा उभारण्याचा निर्णय मार्च १९५५ मधला आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारला तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली. म्हणजे कागदापासून भट्टीपर्यंत दीड वर्षही लागले नाही. सोव्हिएत भूमी वगळता आशियातली ही पहिली अणुभट्टी. आठ मीटरहून लांब आणि सुमारे आठ मीटर खोल असा पाण्याचा हौद, त्यात वरून सोडलेला इंधनाचा गाभा, एवढेच तिचे रूप. पाणीच इंधनाला थंड ठेवते, न्यूट्रॉनचा वेग कमी करते आणि वर उभ्या माणसाचे किरणांपासून रक्षणही करते. काठावरून खाली पाहिले की गाभ्याभोवती निळसर उजेड दिसतो. पाण्यात प्रकाशाचा वेग जितका असतो त्याहून जोरात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे तो पडतो. हा उजेड पाहूनच नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले, असे सांगतात. २० जानेवारी १९५७ रोजी त्यांच्याच हस्ते आस्थापनेचे रीतसर उद्घाटन झाले.

भट्टी, तिची नियंत्रणयंत्रणा, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हे सारे इथे तयार झाले. समृद्ध युरेनियमचे इंधन मात्र ब्रिटनने पुरवले. ते काय कामासाठी वापरायचे हे करारात होते. अडचण इथेच होती. भट्टी आपली, माणसे आपली, पण पोटात जळणारे इंधन दुसऱ्याचे.

कॅनडाची भट्टी, अमेरिकेचे जड पाणी

दुसरी भट्टी याहून पुष्कळ मोठी, ४० मेगावॅट औष्णिक क्षमतेची. कोलंबो योजनेखाली कॅनडाने ती देऊ केली आणि एप्रिल १९५६ मध्ये करार झाला. चॉक रिव्हर येथील एनआरएक्स भट्टीवर तिचा आराखडा बेतलेला होता. तिला लागणारे सुमारे २१ टन जड पाणी अमेरिकेने दिले आणि म्हणून कॅनडा, इंडिया, रिॲक्टर आणि यूएस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव सायरस पडले. १० जुलै १९६० रोजी ती सुरू झाली.

इथे भाभांनी एक गोष्ट हट्टाने करून घेतली. पहिल्या भरणीचे निम्मे इंधन ट्रॉम्बेतच तयार व्हावे, असे त्यांनी ठरवले. अणुभट्टीला लागते त्या शुद्धतेचा युरेनियम धातू या देशात तोवर कुणी केला नव्हता. १९५९ च्या आरंभी ट्रॉम्बेच्या कारखान्यातून तो निघू लागला आणि धातुशास्त्रज्ञ डॉ. ब्रह्मप्रकाश यांच्या चमूने त्याच्या कांड्या तयार केल्या. कॅनडाच्या कांड्यांशेजारी या कांड्या सायरसमध्ये बसल्या.

कॅनडाशी झालेल्या करारात भट्टी शांततेच्या कामासाठीच वापरावी अशी अट होती. पण ती पाळली जाते की नाही हे येऊन पाहण्याची तरतूद मात्र नव्हती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तेव्हा जन्माला यायची होती. पुढे अठरा वर्षांनी हीच पोकळी जगाच्या चर्चेचा विषय झाली.

त्याच सुमारास आणखी एक पाऊल पडले. सायरसमध्ये वापरून झालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये चालू झाला आणि जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले. वापरलेले इंधन इतके किरणोत्सारी असते की जाड काँक्रीटच्या भिंतीआड, दुरून हलवायच्या यांत्रिक हातांनी ते तोडावे लागते, मग आम्लात विरघळवावे लागते. हे तंत्र तेव्हा मोजक्या राष्ट्रांकडे होते. अणुवीजनिर्मितीच्या भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेत प्लुटोनियमला मध्यवर्ती स्थान होते. देशात युरेनियम थोडे, पण केरळ आणि तमिळनाडूच्या किनारी वाळूत थोरियम मुबलक, आणि त्या थोरियमपर्यंतची वाट प्लुटोनियमवरूनच जाते. त्याच प्लुटोनियमचा बॉम्बही होतो, हे ट्रॉम्बेतल्या आणि बाहेरच्या प्रत्येक जाणकाराला ठाऊक होते.

तपासणी कुणाची, कुणी करायची?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची पहिली जागतिक परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष भाभा होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय संस्थेच्या घटनेवर वाद झडला, तेव्हा मात्र त्यांनी वडीलधाऱ्या राष्ट्रांची अडचण केली. मदत घेणाऱ्या गरीब देशांची झडती घ्यायची आणि ज्यांच्याकडे बॉम्बचे साठे आहेत त्यांना कुणी काही विचारायचे नाही, ही व्यवस्था भारताला मान्य नव्हती. तपासणीला विरोध नाही, ती सर्वांना सारखी असावी, हे सूत्र. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केली नाही, त्याचेही कारण हेच दिले गेले.

भाभा तोवर राहिले नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखराजवळ एअर इंडियाचे विमान कोसळले, त्यात ते गेले. जानेवारी १९६७ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी ट्रॉम्बेच्या आस्थापनेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव दिले.

तपासणी प्रत्यक्षात कशी असते हे पाहायला ट्रॉम्बेहून फार लांब जावे लागत नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या मदतीने बांधले गेले आणि १९६९ पासून वीज देऊ लागले. त्यांवर आंतरराष्ट्रीय संस्थेची देखरेख आहे. निरीक्षक येतात, इंधनाच्या प्रत्येक जुडग्याचा क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहतात. वापरलेल्या इंधनाच्या हौदावर कॅमेरे असतात. जिथे काही हलवायचे नाही तिथे नाण्याएवढ्या धातूच्या टोपीचे सील लागते. टोपीच्या आतल्या बाजूवर आधीच ओरखडे काढून त्यांचे छायाचित्र घेतलेले असते. सील काढल्यावर ते संस्थेच्या व्हिएन्नातील मुख्यालयात जाते आणि तिथे ओरखडे छायाचित्राशी जुळवून पाहतात. जुळले नाहीत तर सीलला कुणी हात लावला असे समजावे. गंमत अशी की त्याच आवारात पुढे भारताने स्वतः बांधलेले ५४० मेगावॅटचे दोन संच या देखरेखीखाली नाहीत. एका कुंपणात दोन कायदे नांदतात.

१८ मे १९७४ आणि नंतर

१९७२ साली १८ मे रोजीच ट्रॉम्बेत पूर्णिमा नावाची छोटी, प्लुटोनियम इंधनावरची भट्टी सुरू झाली होती. तिच्यातून वेगवान न्यूट्रॉनांच्या वर्तनाचे जे ज्ञान मिळाले ते पुढे उपयोगी पडले. १८ मे १९७४ रोजी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पोखरणच्या वाळूखाली स्फोट झाला. केंद्राचे संचालक तेव्हा डॉ. राजा रामण्णा होते. प्लुटोनियम सायरसचे होते. भारताने याला शांततामय अणुस्फोट म्हटले आणि करारातले शब्द मोडलेले नाहीत अशी बाजू मांडली. कॅनडाला ती पटली नाही. त्याने अणुसहकार्य आधी थांबवले आणि १९७६ मध्ये कायमचे तोडले. कॅनडाच्या मदतीने बांधला जात असलेला राजस्थान अणुवीज केंद्राचा दुसरा संच अर्धवट राहिला, तो भारतीय अभियंत्यांनी १९८१ मध्ये चालता केला. अणुसाहित्य विकणाऱ्या देशांनी १९७५ पासून लंडनमध्ये बैठका घेऊन स्वतःचा पुरवठादार गट केला. तो गट जन्माला येण्याचे निमित्त पोखरण होते. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलून तारापूरच्या इंधनाचा पुरवठा आवळला, मग १९८२ पासून फ्रान्सने ते दिले.

ट्रॉम्बेवर याचा परिणाम दुहेरी झाला. पंप, झडपा, मोजमापाची उपकरणे, विशेष पोलाद अशा सामान्य वाटणाऱ्या वस्तूही मिळेनाशा झाल्या आणि कामे रखडली. पण त्यामुळेच त्या वस्तू इथल्या कारखान्यांकडून करून घेण्याची सवय लागली. या काळाची कसोटी म्हणजे ध्रुव.

ध्रुव ही १०० मेगावॅटची संशोधन भट्टी पूर्णपणे भारतीय आराखड्याची. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ती सुरू झाली आणि शक्ती वाढवताच दुखणे उघडे पडले. वेगाने वाहणाऱ्या जड पाण्याच्या प्रवाहात इंधनाच्या कांड्या थरथरत होत्या. थरथरीने त्यांचे ॲल्युमिनियमचे आवरण झिजत होते आणि इंधनाचे कण पाण्यात उतरत होते. भट्टी थांबवावी लागली. सल्ला मागायला जगात दार उघडे नव्हते. इंधनाच्या जुडग्यांची रचना बदलून ती जागच्या जागी घट्ट धरली जातील अशी केली, जड पाणी शुद्ध करून घेतले आणि पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. जानेवारी १९८८ मध्ये ध्रुव पूर्ण क्षमतेवर गेली.

या कामात पुढे असलेल्यांपैकी डॉ. अनिल काकोडकर हे आपल्या जुन्या मध्य प्रदेशातले. जन्म १९४३ चा, बडवानीचा. आई कमला काकोडकर स्वातंत्र्यसैनिक. शाळा बडवानी आणि खरगोनला, पुढचे शिक्षण मुंबईत रुपारेल महाविद्यालयात आणि व्हीजेटीआयमध्ये. प्रशिक्षणशाळेतून ते केंद्रात आले, १९९६ मध्ये संचालक झाले आणि २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राहिले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांना दाखवावे असे हे उदाहरण आहे.

१९९८ ते २०२५

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या. डॉ. आर. चिदंबरम आयोगाचे अध्यक्ष होते आणि काकोडकर केंद्राचे संचालक. अमेरिकेने निर्बंध घातले आणि भाभा केंद्राचे नाव निर्यातबंदीच्या यादीत गेले. बाहेरून न मिळणाऱ्या संगणकांचा प्रश्न तोवर केंद्राने आपल्या परीने सोडवला होता. अनेक छोटे संगणक एकत्र जोडून केलेली अनुपम ही महासंगणकांची मालिका १९९१ पासूनच चालू होती.

१८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टनला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांचे नागरी अणुसहकार्याबद्दलचे संयुक्त निवेदन निघाले आणि वारे फिरले. मार्च २००६ मध्ये भारताने नागरी आणि लष्करी अशी वाटणी जाहीर केली. तेव्हा बांधलेल्या व बांधकामाधीन २२ वीज-अणुभट्ट्यांपैकी १४ आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यायच्या आणि भाभा केंद्र बाहेर ठेवायचे. ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार गटाने भारताला सूट दिली. ज्याला दूर ठेवण्यासाठी हा गट निघाला, त्यालाच त्याने दार उघडले.

या तडजोडीची किंमत ट्रॉम्बेने आपल्या दोन जुन्या भट्ट्यांनी चुकवली. अप्सरेचा इंधनगाभा केंद्राच्या आवारातून बाहेर न्यायचे कबूल करावे लागले, ती २००९ मध्ये थांबली. सायरसची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी. १९९७ मध्ये ती बंद करून पाच-सहा वर्षे तिची आमूलाग्र दुरुस्ती केली होती, तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रयोगही जोडला होता. इतकी मेहनत घेतलेली भट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजी करारानुसार कायमची बंद झाली. अप्सरेच्या जागी १० सप्टेंबर २०१८ रोजी अप्सरा-यू आली. तिचे कमी समृद्ध इंधन देशातच तयार झालेले आहे.

४ जानेवारी २०२५ रोजी डॉ. चिदंबरम यांचे निधन झाले. त्याच महिन्यात अमेरिकेने भाभा केंद्राचे नाव निर्यातबंदीच्या यादीतून काढले.

शेतात आणि रुग्णालयात

ट्रॉम्बेचे नाव निघाले की पोखरण आठवते, पण आपल्यापैकी पुष्कळांच्या ताटात ट्रॉम्बे आलेले आहे. बियाण्यांवर किरणांचा मारा करून होणाऱ्या बदलांतून चांगले वाण निवडण्याचे काम केंद्रात पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासोबत काढलेला टीएयू-१ उडीद आणि टीएजी-२४ भुईमूग विदर्भातल्या शेतकऱ्याला परिचित आहेत. छत्तीसगडचा दुबराज हा सुगंधी भात उंच वाढतो, त्यामुळे लोळतो आणि पिकायलाही फार दिवस घेतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने भाभा केंद्राच्या साहाय्याने त्याचा बुटका आणि लवकर येणारा वाण काढला. ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१ हे त्याचे नाव.

नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ मध्ये कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांचे केंद्र सुरू झाले. २००७ मध्ये तिथूनच हापूस आंबा अमेरिकेला जाऊ लागला. त्यासाठी अमेरिकी कृषी खात्याने त्या केंद्राची तपासणी करून मान्यता दिली. ज्या देशाच्या यादीत ट्रॉम्बे तेव्हा अडकलेले होते, त्याच देशाचा अधिकारी ट्रॉम्बेच्या तंत्राने प्रक्रिया केलेल्या आंब्याच्या पेट्यांवर शिक्का मारत होता.

परळच्या किरणोत्सार वैद्यक केंद्राचे काम १९६३ पासून चालू आहे. १९७४ पासून ट्रॉम्बेच्या आयसोमेड कारखान्यात शस्त्रक्रियेचे साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होते. केंद्राने बनवलेले भाभाट्रॉन हे कर्करोगावरील कोबाल्ट उपचारयंत्र भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमातून व्हिएतनामला भेट दिले. भाभांनी जिच्या घटनेवर वाद घातला, तीच ही संस्था.

घरची तपासणी

संस्थेचा इतिहास लिहिताना फक्त मानाचे तुरे मोजून चालत नाही. बाहेरच्या निरीक्षकाला दाराबाहेर ठेवण्याची भूमिका ट्रॉम्बेने सात दशके सांभाळली आणि तिच्यामागे समतेचा सबळ युक्तिवाद होता. तोच युक्तिवाद घरच्या तपासणीला मात्र लावता येत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. २००० साली भाभा केंद्र या मंडळाच्या कक्षेतून काढण्यात आले आणि सुरक्षेचे काम केंद्राच्याच अंतर्गत परिषदेकडे गेले. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राच्या एका प्रयोगशाळेत आग लागली आणि दोन तरुण संशोधक दगावले. त्या आगीचा किरणोत्साराशी संबंध नव्हता. पण ज्या संस्थेच्या आवारात बाहेरचा कुणी पाहायला येत नाही, तिथे स्वतःकडे कठोरपणे पाहण्याची जबाबदारी दुपटीने वाढते.

भाभांचे म्हणणे होते की तपासणी असावी, पण भेदभावाची नसावी. परकीयांपुढे ते ठामपणे मांडताना ट्रॉम्बेने कधी माघार घेतली नाही. तारापूरच्या नोंदवहीतला क्रमांक व्हिएन्नाच्या माणसाला तपासता येतो, तर ट्रॉम्बेच्या सुरक्षेचा हिशेब या देशाच्या स्वतंत्र नियामकाला तपासता यावा, एवढी अपेक्षा चेंबूर-मानखुर्दच्या रहिवाशांनीच काय, पावर हाउसच्या करदात्यानेही ठेवली तर ती भाभांच्या सूत्राला धरूनच होईल. ध्रुवचे दुखणे लपवून बरे झाले नव्हते. ते मोजून, मांडून आणि रचना बदलून बरे झाले. पुढच्या सत्तर वर्षांसाठी ट्रॉम्बेला आपल्याच इतिहासातून घेण्यासारखा धडा तोच आहे.